टिंटेड झिंक ऑक्साइड सनस्क्रीन: ल्युपसच्या त्वचेला कितपत मानवतं?

ल्युपस म्हणजे रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते तो आजार, आणि त्यात त्वचेला ऊन अनेकदा सोसत नाही. ल्युपस असलेल्या व्यक्तीने एकच सनस्क्रीन घ्यायचं ठरवलं, तर झिंक ऑक्साइड आणि आयर्न ऑक्साइड दोन्ही असलेलं, एसपीएफ ५०चं, ट्यूबमधलं टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) क्रीम घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. या प्रकारात उणिवा आहेत आणि त्या पुढे सांगितल्याच आहेत. पण स्टिक, पावडर आणि स्प्रे यांच्याशी तुलना केली तर हे क्रीम बरंच पुढे आहे.

एरवी सनस्क्रीनची परीक्षा लोक एका दुपारीत करतात: उन्हात गेलो, त्वचा लाल झाली नाही, म्हणजे माल चांगला. ल्युपसमध्ये ही परीक्षा फसवी ठरते. अतिनील किरणांमुळे त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशी मरतात, एरवी पेशीच्या आत असणारी ‘रो’सारखी प्रथिनं पृष्ठभागावर येतात, रोगप्रतिकारशक्तीच्या अँटिबॉडीज त्यांना जाऊन चिकटतात आणि इंटरफेरॉन या संदेशवाहक प्रथिनामुळे दाह भडकतो. या सगळ्याला वेळ लागतो. पुरळ काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही उमटतं, तोवर ते ऊन विस्मरणात गेलेलं असतं. म्हणून नवं क्रीम किमान महिना-दीड महिना नियमित वापरल्याशिवाय त्याबद्दल बरंवाईट मत बनवू नये. उलट, लावल्यापासून काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत खाज, आग किंवा बारीक पुळ्या आल्या तर संशय सुगंधावर किंवा प्रिझर्व्हेटिव्हवर घ्यावा. हे आधीच तपासता येतं: कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर थोडं क्रीम लावा. त्वचा शांत राहिली तर चेहऱ्यावर लावायला हरकत नाही.

आता ट्यूबवर काय वाचायचं ते. अतिनील किरणांचे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोचतात, यूव्हीए आणि यूव्हीबी. एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीबद्दल बोलतो. ल्युपसची त्वचा यूव्हीएलाही भडकते, म्हणून पीए++++ (यूव्हीए संरक्षणाची वरची श्रेणी) किंवा वर्तुळात लिहिलेलं ‘यूव्हीए’ हे चिन्ह शोधा. वर्तुळाचा अर्थ असा की यूव्हीएपासूनचं संरक्षण एसपीएफच्या किमान एक-तृतीयांश आहे. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के आणि ५० सुमारे ९८ टक्के यूव्हीबी अडवतं. फरक छोटा दिसतो, पण क्रीम नेहमी कमीच लावलं जातं, त्यामुळे ५० घेतलेलं बरं. नुसतं टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं क्रीम लांब तरंगलांबीच्या यूव्हीएपुढे तोकडं पडतं. झिंक ऑक्साइड तिथे जास्त टिकतं.

टिंटचं महत्त्व मात्र पुष्कळांना ठाऊक नसतं. घटकांच्या यादीत सीआय ७७४९१, ७७४९२, ७७४९९ हे आकडे दिसले तर त्यात लाल, पिवळं आणि काळं आयर्न ऑक्साइड आहे. (सीआय ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ते पांढरं असतं.) आयर्न ऑक्साइड दृश्य प्रकाशही अडवतं. चट्टा बसल्यावर मागे राहणारे काळपट डाग गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर दृश्य प्रकाशामुळे आणखी गडद होतात, आणि बिनरंगी सनस्क्रीन तिथे जवळपास निरुपयोगी असतं. गालांवरची लाली झाकली जाते तो वेगळा फायदा, आणि ज्याला रोज लोकांसमोर जायचं असतं त्याच्यासाठी तो लहान नाही.

आता उणीव. रंगछटा मोजक्याच मिळतात. सावळ्या त्वचेवर क्रीम राखाडी दिसतं, मग माणूस हात आखडता घेतो, आणि इथेच सगळं बिघडतं. एसपीएफ मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. बहुतेक जण त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात, आणि मग ट्यूबवरचा ५० हा आकडा कागदावरच राहतो. चेहरा, कान आणि मान यांसाठी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींच्या पूर्ण लांबीएवढ्या दोन रेघा घ्या. एकदम पसरवलं तर थर फाटतो. निम्मं लावा, पाच मिनिटं थांबा, मग उरलेलं लावा. छटा जुळत नसेल तर एक पायरी गडद निवडा, पण प्रमाण कमी करू नका.

हमखास सुटणाऱ्या जागा: कानाची वाटी आणि पाळी, केसांची रेघ, भांग, पापण्या, ओठांची कड, मानेच्या बाजू, गळ्याखालचा त्रिकोण, हातांचे पंजे. डिस्कॉइड ल्युपसचे (त्वचेच्या ल्युपसचा व्रण ठेवणारा प्रकार) चट्टे कानाच्या वाटीत आणि टाळूवर वारंवार येतात आणि तिथे कायमचा व्रण राहू शकतो, केस गेले तर परत येत नाहीत. म्हणून चेहऱ्याआधी कानांना लावायची सवय ठेवावी.

क्रीमच्या वळ्या निघतात ही दुसरी तक्रार. खालचं मॉइश्चरायझर जिरलेलं नसतं किंवा क्रीम चोळलेलं असतं. दहा मिनिटं थांबून थापटत लावलं की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. टॅक्रोलिमस किंवा स्टिरॉइडचं (दाह कमी करणारं) मलम असेल तर आधी मलम, पंधरा-वीस मिनिटांनी सनस्क्रीन. व्हॅसलिनसारख्या तेलकट मलमावर सनस्क्रीन घसरतं, तेव्हा ते मलम रात्री लावलं तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. संध्याकाळी काढताना तेलकट क्लेन्झर वापरा आणि खसाखसा घासू नका, घर्षणानेही ल्युपसचे चट्टे उठू शकतात.

स्टिक कान, ओठ आणि डोळ्यांभोवती सोयीची, मात्र एकाच जागेवरून तीन-चार वेळा फिरवायला हवी. पावडर फक्त वरून डागडुजीला. स्प्रे आम्ही सुचवत नाही: किती लागलं ते कळत नाही, वाऱ्याने उडतो आणि श्वासातून आत जातो.

बाहेर असताना दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर लगेच पुन्हा लावायचं. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं असलं तरी ते ४० किंवा ८० मिनिटांपुरतं असतं. खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते, पण यूव्हीए बराच आत येऊ देते. गाडीची पुढची काच लॅमिनेटेड असल्याने चांगली अडवते, बाजूच्या काचांचा तेवढा भरवसा नाही. खिडकीलगत काम असेल तर घरातही सनस्क्रीन लागेलच, किंवा काचेवर यूव्ही फिल्म बसवा. जुने सीएफएल दिवे डोक्याजवळ असतील तर एलईडी लावा.

आणि सगळा भार या ट्यूबवर टाकू नये. यूपीएफ ५० (कापडाच्या ऊनसंरक्षणाचा आकडा) लिहिलेल्या कापडातून किरणांचा पन्नासावा भागच आत येतो आणि ते दर दोन तासांनी नव्याने लावावं लागत नाही. पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टचं संरक्षण मुळात कमी, भिजल्यावर आणखी कमी. टोपीची कड चारही बाजूंनी किमान साडेसात सेंटिमीटर हवी. पुढे चोच असलेल्या टोपीत कान आणि मान उघडी राहतात.

या क्रीमने आधीचा चट्टा बरा होत नाही. त्यासाठी मलम आणि बहुधा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही ल्युपसवरची गोळी लागते, रोज वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅमच्या आत, डोळ्यांची तपासणी सांभाळून. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये या गोळीचा त्वचेवरचा परिणाम कमी दिसतो. क्रीम नीट लावूनही नवे चट्टे येत असतील तर बाकीच्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा: हायड्रोक्लोरोथायझाइड (रक्तदाबावरचं) आणि टर्बिनाफिन (बुरशीवरचं) यांमुळे त्वचेचा ल्युपस सुरू होऊ शकतो, डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकने त्वचा उन्हाला हळवी होते. स्वतःहून काही बंद करू नका. ऊन टाळणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी अधूनमधून करून घ्यावी. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, सांध्यांना सूज किंवा लघवीला फेस असेल तर वाट पाहू नये.

ट्यूब तापलेल्या गाडीत ठेवू नका. पाणी आणि गाळ वेगळे होऊन हलवूनही एकजीव होत नसेल, तर तारीख शिल्लक असली तरी ती फेकून द्या.