ढेकूण की गोचीड, ओळखायचं कसं

सोलापुरात दोन्ही भरपूर, जुन्या खाटेच्या फटीत ढेकूण आणि गड्डा जत्रेच्या जनावर बाजारात बैलाच्या कानाआड गोचीड. दोन्ही चपटे, तपकिरी, रक्त पिऊन टम्म फुगणारे, म्हणून लोक एकाच टोपलीत टाकतात, पण नातं लई लांबचं हाय बघा.

सरळ पाय मोजा की. ढेकणाला सहा पाय आणि डोक्यावर दोन मिशा, म्हणजे खरा कीटक, आणि त्याचे भाऊबंद कोण तर पिकावरचा मावा अन् तुडतुडे, सगळ्यांची सोंड सारखीच. मोठ्या गोचिडाला आठ पाय, मिशा नाहीतच, तो कोळी-विंचवाच्या खानदानातला (पिल्लू मात्र सहा पायांचं असतं, तिथंच फसगत होते). तसं प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने पण १७५८ साली विंचू, कोळी, अगदी खेकडेसुद्धा कीटकातच कोंबले होते, मग आपलं काय घेऊन बसलात.

शास्त्रीय नावात ढेकूण बरा, सायमेक्स तेव्हापासून सायमेक्सच. गाईच्या गोचिडाचं बूफिलस बदलून आता रिपिसेफॅलस केलंय, जुन्या पुस्तकात शोधणाऱ्याची पंचाईत.

ढेकूण पाच-दहा मिनिटांत पिऊन फटीत पळतो, गोचीड दिवसेंदिवस चिकटून बसतं, त्यामुळे खाटेला उपाय फटीत करा आणि बैलाला अंगावर.