माझाच सेल्फ मला ७,२०० रुपयांना विकला

आकडा आधीच सांगून टाकतो, ज्यांना हसायचं असेल त्यांनी हसून घ्यावं. २३,३५० रुपये. आणि बिघाड निघाला १८० रुपयांच्या तांब्याच्या पट्टीचा.

गाडी १९८७ची प्रीमियर पद्मिनी, वडिलांची. हँडल गिअर, १०८९ सीसीचं इंजिन, कुर्ल्याच्या कारखान्यातली. तो कारखानाही आता गाड्या काढत नाही, त्यामुळे 'पार्ट मिळत नाही हो' असं कुणीही म्हणावं आणि आपण मान डोलवावी. गाडीत जीव अडकलेला माणूस दारातूनच ओळखू येतो. गॅरेजवाल्याला गाडीच्या आधी तोच दिसतो.

दुखणं साधं होतं. चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, 'घ्रूंऽ' करून अर्धा वेढा घ्यायचा आणि गप्प. धक्का मारला तर दुसऱ्या गिअरला पाच पावलांत सुरू. हे वाक्य पुन्हा वाचा. धक्क्यावर सुरू होते म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय. मग पेट्रोलचे कार्बोरेटर-पंप आणि ठिणगीचे पॉइंट यांचा काय संबंध? आज हे मी ठणकावून सांगतोय. तेव्हा गॅरेजवाल्यासमोर हातात चहाचा ग्लास घेऊन 'हो का, बरं बरं' म्हणत उभा होतो.

बॅटरी आधी बदलली, ४,६५० रुपये. पाच दिवस गाडी चालली. (खटपटीत पट्टी हलून जरा टेकली असणार, दुसरं काही नाही.) सहाव्या दिवशी पुन्हा 'घ्रूंऽ'. मग 'सेल्फ जळालाय साहेब, आर्मेचर गेलं. रिकंडिशनचा टाकतो. ७,६०० होतात, जुना भंगारात गेला त्याचे ४०० कमी करतो.' ७,२०० दिले. वर चारशे सुटले म्हणून खूशही झालो! मग पॉइंट, कंडेन्सर, कॉइल २,३५०. कार्बोरेटरचं किट १,८००. पेट्रोल पंप १,४५०. मजुरी ३,५००. दोनदा टोइंग, १,२०० प्रमाणे २,४००. शेवटी तो म्हणाला, 'इंजिनच खोलावं लागेल, चाळीसेक हजार धरा.' तेव्हा कुठे गाडी घरी आणली.

आता ज्या क्षणासाठी मला माझ्याच थोबाडीत मारावीशी वाटते तो. दुसऱ्या खेपेला त्याच्यासमोर मी दोन-तीनदा सेल्फ मारला आणि चोक ओढायला गेलो, तर चटका बसला. चोकची केबल गरम! इतकी की वास येत होता. मी म्हटलं, 'भाऊ, ही कशाने तापली?' तो ढुंकूनही न बघता म्हणाला, 'जुनी गाडी आहे साहेब, चालायचंच.' आणि मी गप्प बसलो. तीस वर्षं बँकेत लोकांच्या सह्या पडताळल्या, एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर चेक परत पाठवणारा माणूस मी. इथे केबल हात भाजून सांगत होती, तर 'चालायचंच'.

झालं काय होतं, ते आमच्या पेठेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दहा मिनिटांत दाखवलं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे बॉडीशी त्याचा विजेचा खरा संबंध अर्थिंगच्या तांब्याच्या पट्टीने. ती ग्रीसखाली हिरवी पडून दोन-चार तारांवर लोंबत होती. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला परतीची वाट सापडली ती चोक आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून. तापणार नाही तर काय? मिस्त्रीकाकांनी जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं, दुसरं थेट इंजिनाच्या लोखंडाला. चावी फिरवली, गाडी अर्ध्या वेढ्यात सुरू. मी तिथेच ओट्यावर बसलो. पट्टीचे १८०, काकांनी घेतले ३००.

जंपर केबलची ही चाचणी घरी करा, मिस्त्रीला बोलवायच्या आधी. आणि सेल्फ मारताना हेडलाइट लावून बघा. दिवा मरगळला तर बॅटरी किंवा तिची टोकं बघा. लख्ख राहिला आणि इंजिन मात्र फिरेना, तर आधी अर्थिंगची पट्टी बघा.

एवढ्यावर थांबलं असतं तर त्याला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं. पण काकांनी सेल्फची टोकं साफ करायला पेट्रोलचा बोळा फिरवला आणि चंदेरी रंग निघून आला. खाली खिळ्याने कोरलेलं, '३/९८'. वडिलांचं अक्षर. त्यांनी ९८ साली सेल्फचं काम करून घेतलं तेव्हा कुणी बदलू नये म्हणून खूण केली होती. भंगारात गेलेला माझाच सेल्फ, रंग मारून, मलाच.

गेलो जाब विचारायला. तो शांतपणे म्हणाला, 'रिकंडिशन म्हणजे काय साहेब? तुमचाच रिकंडिशन केला.' लेटरपॅडच्या चिठ्ठीवर लिहिलंय 'सेल्फ रिप.' म्हणजे रिपेअर की रिप्लेस, तो त्याच्या सोयीने सांगणार. तुम्ही असं अर्धं लिहून घेऊ नका. आणि जुना पार्ट, सडका का असेना, हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

चौकीत गेलो. तासभर बाकावर. मग 'हा दिवाणी मामला आहे काका, ग्राहकवाल्यांकडे जा.' फसवणूक दिवाणी कधीपासून झाली? शेजारचा हवालदार तर 'पद्मिनी? देता का विकत?' म्हणून विचारत होता. ग्राहकवाल्यांकडे, म्हणजे ग्राहक आयोगात, गेलो तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, पक्कं बिल आणा. अहो, बिल देत नाही हीच तर तक्रार! २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, हे मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, 'ते साहेबांना सांगा.' साहेब ट्रेनिंगला. पुढच्या सोमवारी साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, तोही तीन प्रतींत नाही म्हणून आधी झेरॉक्सला पिटाळून. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नसते हे मला माहीत होतं म्हणून ठीक, नाहीतर बाहेर बसलेला टंकलेखक 'फीसकट दोन हजार' मागत होताच. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. कंटाळून घरी बसू नका, त्यांना तेच हवं असतं.

पैसे यूपीआयने दिले होते, तेवढा एक शहाणपणा. टोइंगचे तेवढे रोख गेले.

मुलगा म्हणतो, बाबा, तो उरलेला चंदेरी रंग पुसून टाका, बघवत नाही. मी हात लावू दिलेला नाही. तारीख लागली की सेल्फ काढून पिशवीत घालून नेणार आहे, रंगासकट.