आयटीआय, तीस दिवसांचा कोर्स की उस्तादाचा हात? इलेक्ट्रिशियन व्हायचं ठरवणाऱ्यांसाठी

दहावीचा निकाल लागला की आठ दिवसांत माझ्या दुकानाच्या पायरीवर कोणी ना कोणी बाप येऊन बसतो. सोबत पोरगा मान खाली घालून उभा. "भाऊ, याले आयटीआयले टाकू का तुमच्यापाशी कामाले ठेवू? तिकडं दोन वर्सं जातीन, इथं दोन पैसे तरी भेटतीन." यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बावीस वर्षं वायरिंग आणि मोटर वाइंडिंगचं काम करतोय. पायरीवर बसून जे अर्धवट सांगून होतं, ते इथं नीट लिहितो.

मी स्वतः उस्तादाच्या हाताखाली शिकलो, आयटीआय केलं नाही. हात लवकर बसला. पण पहिली चौदा वर्षं मी केलेल्या वायरिंगच्या टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची असायची. घर मी वायर करायचो, अर्थिंगचा खड्डा मी खोदायचो, आणि नवीन मीटरसाठी कागद लागला की तालुक्यातल्या एका लायसनवाल्याकडे जाऊन पैसे मोजून सही आणायचो. त्यानं ते घर कधी पाहिलेलंही नसायचं. तेव्हापासून कोणताही कोर्स मी दोन गोष्टींवरून तोलतो: पोराच्या हाताला फॉल्ट सापडायला लागेल का, आणि एक दिवस कागदावर त्याची स्वतःची सही चालेल का.

सहीचं आधी सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर विजेच्या मांडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानंच करायचं असतं. देखरेखीला सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला माणूस लागतो आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडे परमिट लागतं. महाराष्ट्रात हे परवाने राज्य सरकारचं अनुज्ञापक मंडळ देतं. चौकशी करायला मुंबई गाठायची गरज नाही, विद्युत निरीक्षकाचं कार्यालय गाठा. 'मी इलेक्ट्रिशियन आहे' हे गावानं मानणं वेगळं आणि कायद्यानं मानणं वेगळं.

आयटीआय: वीजतंत्री आणि तारतंत्री

दोन्ही ट्रेड दोन-दोन वर्षांचे. वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन, याला विज्ञान-गणितासह दहावी पास लागते. तारतंत्री, म्हणजे वायरमन, याला आठवी पासवर प्रवेश आहे. एका तुकडीत २० जागा, त्यामुळे सरकारी संस्थेत इलेक्ट्रिशियनचं मेरिट चढं राहतं. फी सरकारी संस्थेत अगदीच कमी. खासगीत हजारांत जाते. खासगी घेणार असाल तर प्रमाणपत्र राष्ट्रीय मान्यतेचं, लोक ज्याला एनसीव्हीटीचं म्हणतात ते, मिळणार का, हे आधी विचारा आणि पोर्टलवर संस्थेचं नाव स्वतः पाहून घ्या. 'शंभर टक्के नोकरी' असा बोर्ड लावलेल्या जागी हे दोनदा पाहा.

आयटीआयमध्ये जे मिळतं ते उस्तादाकडे सहसा मिळत नाही: कारण. ओहमचा नियम, थ्री फेजचं गणित, मोटरचं वाइंडिंग, ट्रान्सफॉर्मर, मेगर या यंत्रानं तारेचं आवरण, म्हणजे इन्सुलेशन, तपासणं, सर्किटचं चित्र वाचणं. आमच्याकडे दिवाळीनंतर ओलिताचा हंगाम सुरू होतो आणि दुकानात जळलेल्या मोटरींची रांग लागते. डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपाशीचा, एक फेज जातो, मोटर गुणगुणत राहते, उरलेल्या दोन फेजवर करंट वाढतो आणि वाइंडिंग काळं पडतं. रात्रीची लाइन असली आणि लाइन येताच मोटर सुरू करणारं ऑटो स्विच लावलेलं असलं तर शेतकरी घरी झोपलेला असतो, वावरात मोटर जळत असते. फक्त हातानं शिकलेला पोरगा ती मोटर उत्तम भरून देतो. महिन्याभरात तीच मोटर परत येते, तो परत भरून देतो. ज्याला कारण शिकवलंय तो विचारतो, सिंगल फेज प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेला की मोटर बंद करणारं यंत्र, आहे का, तो कोणी काढून तर टाकला नाही ना, ओव्हरलोड रिले किती अँपिअरवर ठेवलाय? शेतकऱ्याचा एका हंगामाचा पैसा त्या प्रश्नात वाचतो.

उणीवही आहेच. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये लाकडी बोर्डावर केलेलं वायरिंग आणि शेणामातीच्या भिंतीवर, टिनाच्या छपराखाली केलेलं वायरिंग यांत फरक पडतो. दोन वर्षं करून आलेल्या पोरांनी बोअरमधून पाणबुडी मोटर वर ओढलेली नसते. जमिनीवरच्या मोनोब्लॉक पंपाला इनॅमलची तार आणि पाण्यात बुडालेल्या मोटरीला प्लास्टिक आवरणाची तार हे त्यांनी वाचलेलं असतं, बोटांना मात्र ठाऊक नसतं. काही ठिकाणी निदेशकांच्या जागा रिकाम्या असतात, मशीन झाकून ठेवलेलं असतं. म्हणून प्रवेशाआधी संस्थेत जाऊन वर्कशॉप पाहा, दुसऱ्या वर्षाच्या दोन पोरांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारा की आठवड्यातून किती तास प्रत्यक्ष काम होतं. मी पाठवलेल्या प्रत्येकाला हे करायला लावतो.

वीजतंत्री की तारतंत्री? दहावी पास असाल आणि मेरिटमध्ये बसत असाल तर वीजतंत्रीच. मोटर, मशीन, कंट्रोल पॅनेल यांचं शिक्षण त्यात जास्त आहे. तारतंत्री घरगुती आणि कारखान्याच्या वायरिंगकडे झुकतो. आठवीवर तारतंत्री करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: महावितरणच्या विद्युत सहायकाच्या भरतीत आयटीआयसोबत शालेय शिक्षणाचीही अट असते, तिथं आठवीवर भागत नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी काढता येते. आयटीआय चालू असतानाच काढा, नंतर होत नाही.

आयटीआयनंतरचं वर्ष

याला लोक फालतू समजतात, म्हणून वेगळं लिहितो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली आयटीआयनंतर साधारण वर्षभराची अप्रेंटिसशिप करता येते, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी वेगळं राष्ट्रीय प्रमाणपत्र. विदर्भाच्या पोरांना यासाठी पुण्याला जायची गरज नाही. महावितरण आहे. महानिर्मितीची वीज केंद्रं चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, पारस इथं आहेत. वणी, चंद्रपूर, उमरेड पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी आहेत. भद्रावती, भंडारा, अंबाझरी इथं आयुध निर्माणी आहेत. नागपूरला रेल्वे आहे. रेल्वेत अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांना लेव्हल १ च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. विद्युत सहायक झालात तर पहिली तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात, त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून नियमित होण्याची वाट असते.

मला विचाराल तर हे वर्ष पगारापेक्षा शिस्तीसाठी महत्त्वाचं. लाइन बंद असल्याचं लेखी परमिट घेतल्याशिवाय लाइनला हात लावायचा नाही, तारेतली उरलेली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड टाकल्याशिवाय वर चढायचं नाही, हे तिथं रोज डोळ्यांनी दिसतं. आमच्या दुकानात हे असं शिकवता येत नाही.

तीस दिवसांचा कोर्स

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, ज्यांना सगळे आरसेटी म्हणतात, त्या जिल्ह्याजिल्ह्यात बँका चालवतात. घरगुती वायरिंगचा आणि मोटर रिवाइंडिंग-पंप दुरुस्तीचा कोर्स महिनाभराचा असतो. प्रशिक्षण फुकट, राहणं-खाणंही फुकट, आणि शेवटी बँकेच्या कर्जासाठी मार्गदर्शन. वय निघून गेलेल्यांना, शाळा सुटलेल्यांना, बचत गटाच्या बायांना हा रस्ता चांगला आहे. ज्याच्या घरी दोन वर्षं कमाईवाचून निघणार नाहीत त्याला मी हाच सांगतो.

पण महिनाभरात इलेक्ट्रिशियन होत नाही. स्विच बोर्ड भरता येतो, टू-वे जोडणी कळते, साधी मोटर उघडता येते. त्याच्यापुढे किमान दोन हंगाम कोणाच्या तरी हाताखाली काढावेच लागतात. कर्ज घेऊन लगेच दुकान टाकलेली पोरं मी पाहिली आहेत. पहिल्या उन्हाळ्यात कूलर, दुसऱ्या उन्हाळ्यात शटर खाली.

प्रधानमंत्री कौशल विकास योजनेचे कोर्स काही महिन्यांचे असतात. त्यातला पूर्वज्ञान मान्यतेचा भाग, म्हणजे आधीच काम येणाऱ्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देणं, जुन्या कारागिरांना उपयोगी आहे. विश्वकर्मा योजनेबद्दल खूप जण विचारतात: त्या १८ व्यवसायांत इलेक्ट्रिशियन नाही. त्यासाठी सेतू केंद्रात चकरा मारू नका.

सौरचा कोर्स हल्ली सगळ्यांच्या तोंडी आहे. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर आणि मागेल त्याला सौर कृषिपंप या दोन्ही योजना आल्या, तेव्हापासून शिवारात पॅनेलच पॅनेल दिसतात. काम आहे, यात शंका नाही. मात्र कृषिपंपाच्या योजनेत पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादार कंपनीकडे असते, त्यामुळे गावातल्या स्वतंत्र कारागिराला सध्या मिळतं ते कंपनीच्या ठेकेदाराकडचं उभारणीचं काम. सूर्यमित्रसारखं प्रशिक्षण आयटीआय झालेल्यांना धरूनच आखलेलं आहे. ते आयटीआयच्या पुढचं पाऊल समजा, आयटीआयच्या बदल्यात नाही.

उस्तादाच्या हाताखाली

हा माझा रस्ता, त्यामुळे त्याबद्दल माझ्या मनात माया आहे. पहिल्या दिवसापासून हातात पक्कड येते. थोडे का होईना पैसे मिळतात. माणसांशी बोलायला येतं. दुपारी मोटर जळलेला शेतकरी कसा बोलतो आणि त्याला काय सांगायचं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. वाइंडिंगचं तर हातावरच आहे: खाचेत कॉइल बसवताना तारेचं आवरण खरवडू न देणं हे हजार वेळा केल्यावर बोटांना कळतं.

धोका हाच की उस्तादाच्या चुकाही तशाच अंगात येतात. माझ्या उस्तादानं अर्थिंग कधी मनावर घेतलं नाही. मीही सहा वर्षं घेतलं नाही. मग एका मे महिन्यात मीच दुरुस्त करून दिलेल्या लोखंडी कूलरला हात लावून एका घरची सून फेकली गेली. वाचली. प्लगची अर्थची पिन तुटलेली होती, ती मी पाहिली होती आणि तशीच ठेवली होती. आपल्याकडे कूलर म्हणजे पत्रा, पाणी आणि वीज एकाच जागी. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणसं जातात, लहान लेकरं जातात. त्या दिवसानंतर मी अर्थिंग नव्यानं शिकलो, एका निवृत्त निदेशकाच्या घरी जाऊन, वयाच्या तिसाव्या वर्षी. आता कूलर दारात आला की आधी मेगर लावतो आणि घरात करंट गळला की लाइन तोडणारी ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी बसवायला सांगतो. पैसे नाहीत म्हणणाऱ्याला अर्थिंग तरी करूनच देतो.

दुसरा धोका डीपीचा. गावात फ्यूज गेला, लाइनमन दुसऱ्या गावाला आहे, की लोक उस्तादाच्या पोराला हाक मारतात. "तू तं इलेक्ट्रिशियन हायेस ना?" डीपी आणि खांब महावितरणचे. तिथं चढायचा अधिकार ना माझा, ना तीस दिवसांच्या कोर्सवाल्याचा, ना नुसत्या आयटीआयवाल्याचा. जो उस्ताद पोराला डीपीवर पाठवतो, त्याच्याकडे पोरगं ठेवू नका. त्याचं काम कितीही चालत असो.

सहीचं म्हणाल तर उस्तादाकडून थेट मिळत नाही. आधी अनुज्ञापक मंडळाची तारतंत्री परीक्षा द्यावी लागते. मी दिली, कंदिलाच्या वयात सोडलेली वही चाळिशीच्या आत पुन्हा उघडून. जमतं, पण मला त्याला चौदा वर्षं लागली; आयटीआयवाल्याचा रस्ता याहून खूप छोटा.

पॉलिटेक्निक

ज्याचं गणित खरंच चांगलं आहे त्यानं तीन वर्षांचा डिप्लोमा पाहावा. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय झालं की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, म्हणून घरची परिस्थिती डळमळीत असेल तर आधी आयटीआय करणं शहाणपणाचं. मध्येच थांबावं लागलं तरी हातात काहीतरी असतं.

मुलींबद्दल

राज्यातल्या आयटीआयमध्ये मुलींना ३० टक्के जागा आहेत, आणि इलेक्ट्रिशियनच्या वर्गात त्या भरायला कुणी येत नाही असं निदेशक सांगतात. मुलगी म्हटलं की शिवणकाम, एवढंच बापाला सुचतं. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या बाया परक्या माणसाला आत घ्यायला कचरतात, बोर्ड तसाच जळका राहतो. गावात एक मुलगी वायरमन असेल तर तिला कामाची वाण पडणार नाही.

तर पायरीवर बसलेल्या त्या बापाला मी काय सांगतो? दहावी झाली आहे, घर दोन वर्षं कसंबसं निघतं: पोराला वीजतंत्रीला टाका, रविवारी आणि मे महिन्यात माझ्याकडे पाठवा, पैसे मी देईन. घर निघत नाही: आरसेटीचा महिना करा, मग माझ्याकडे या, आणि पहिल्या वर्षापासून परीक्षेची वही उघडी ठेवा.

आणि फॉर्मचं. प्रवेश ऑनलाइन फेऱ्यांनी होतो. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यावीच लागते, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. म्हणून जवळ आहे म्हणून नको असलेला ट्रेड पहिल्या क्रमांकावर टाकू नका. जातीचा, रहिवासाचा दाखला आणि लागत असेल तर नॉन-क्रीमीलेअर निकालाच्या आधीच काढून ठेवा. जूनमध्ये पेरणी आणि तहसीलची गर्दी एकदमच येते.