बॉल पायथनची मादी घेताना माझी झालेली फसवणूक

गेल्या आठवड्यात इंदूरच्या एका ओळखीच्या मुलाने मला व्हिडिओ पाठवला. "काका, ही मादी घेऊ का? १५४० ग्रॅम आहे, हेट पाईड आहे." (म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचा गुण रक्तात असलेली, पण दिसायला साधी.) तराजूवर बसलेली ती बॉल पायथन, म्हणजे छोट्या जातीची अजगर, बघितली आणि मला काही सुचेना. मानेवरचा पट्टा डावीकडे तुटलेला, त्यात बदामासारखा एक ठिपका. ती मादी वर्षभर माझ्याकडे, बडोद्याला दांडिया बाजारातल्या घरात आहे. व्हिडिओ तोच, विकणाराही तोच. त्या मुलाने टोकन पाठवलं नव्हतं, हे नशीब. पण त्याच्यासारखे अजून किती असतील, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आम्हा बडोदेकरांना सरपटणाऱ्या प्राण्यांचं फारसं नवल नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा मगरी वस्तीत शिरल्या होत्या. मला मात्र ओढ लागली ती या पश्चिम आफ्रिकेतल्या लाजाळू अजगराची. घाबरला की स्वतःचा गोळा करून डोकं मधोमध लपवतो. माझ्याकडे एक नर होता. दोन माद्या आणायच्या, वर्षाला एखादी वीण घ्यायची, एवढंच मनात होतं.

मादीचं गणित वेगळं असतं. नर साधारण ७०० ग्रॅमचा झाला की वर्ष-दीड वर्षात जोडीला लावता येतो. मादीला १५०० ग्रॅमच्या आसपास यावं लागतं आणि त्यात तीनेक वर्षं जातात. त्यामुळे वाढलेली मादी सहसा कुणी विकत नाही आणि विकलीच तर किंमत भारी असते. नवख्याला तीन वर्षं धीर धरवत नाही. मलाही धरवला नाही.

विकणारा फोनवर छान मराठी बोलायचा. "दादा, आपलीच माणसं आहात, तुम्हाला कशाला फसवू?" चार पिढ्या गुजरातेत काढल्यावर बाहेरगावचं कुणी असं आपलेपणाने बोललं की मन विरघळतं. २०२४ च्या दिवाळीनंतर मी दोन माद्यांचे ५५,००० रुपये पाठवले. एक मोठी, १५४० ग्रॅमची. दुसरी ८०० ग्रॅमची, "पुढच्या वर्षी तयार होईल." दोन्ही हेट पाईड.

पार्सल ट्रॅव्हल्सच्या बसने पहाटे आलं. खोका उघडला आणि घरभर कुजका वास पसरला. मोठीने प्रवासात उंदीर उलटून टाकला होता, अर्धवट विरघळलेला, पिशवीच्या कापडाला चिकटलेला. सापाला खाऊ घालून लगेच प्रवासाला पाठवत नाहीत, हे कुणीही जाणकार सांगेल. याने आधी पोटभर चारलं, मग तराजूवर ठेवून व्हिडिओ काढला होता. आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती १२४० भरली. तिला उचलून ठेवल्यावर तळहातावर खसखशीएवढे काळे ठिपके चालताना दिसले. माइट्स, सापाचं रक्त पिणाऱ्या बारीक किडी. हनुवटीखालच्या खवल्यांत, डोळ्यांच्या कडेला, पाण्याच्या वाटीत बुडालेल्या. दोन महिने तिला कागदावर एकटं ठेवलं, रोज वाटी धुतली, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध केलं.

धाकटीवर मात्र शंका आली नाही. हिवाळ्यात तिने खाणं सोडलं. हे साप महिनोन्‌महिने उपाशी राहतात, म्हणून मी निश्चिंत. पण रात्रभर पेटीत येरझाऱ्या, आणि एकदा कागदावर पांढरट, वाळलेले दोन बारीक कोंब पडलेले. ते वीर्याचे खडे होते, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी साप हाताळणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी वंगण लावलेली बोथट सळई शेपटीकडे हळूच सरकवली. मादीत ती दोन-चार खवल्यांवर थांबते. इथे नऊ खवल्यांपर्यंत गेली. डॉक्टर म्हणाले, "हा नर आहे." वर्षभर ज्याला मी मादी म्हणून वाढवलं, तो नर. आता तो कुठे जाणार? माझ्याकडेच राहील. पैशाचं दुःख आहेच, पण गेलेलं वर्ष जास्त लागलं. ही सळई स्वतः घालून बघू नका, सापाला इजा होते. घेण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आणि 'हेट'! पाईडचं जीन आई आणि बाप दोघांकडून आलं तरच अंगावर पांढरे पट्टे दिसतात. एकाच बाजूने आलं तर साप दिसायला अगदी साधा. दोन हेटची जोडी लावली तर सरासरी चारात एक पिल्लू पाईड निघतं. म्हणजे हेटचे जास्तीचे पैसे हे निव्वळ विकणाऱ्याच्या शब्दाचे पैसे. खरं-खोटं अंडी फुटल्यावर कळणार, आणि तोवर त्याचा फोन बंद. पहिली मादी घेताना जो रंग अंगावर डोळ्यांनी दिसतो तोच घ्यावा, असं माझं ठाम मत झालंय.

सगळ्यात मोठा घोळ कागदांचा. हा साप वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, हस्तांतरणही कळवावं लागतं. "आठ दिवसांत तुमच्या नावावर करतो" असं विकणारा म्हणाला, दाखवलेला कागद तिसऱ्याच कुणाच्या नावावर निघाला. मी पैसे मागितले तेव्हा त्याने थंडपणे ऐकवलं, "दादा, तक्रार करा ना. साप कुणाच्या घरात आहे?" त्या एका वाक्याने मी चार महिने गप्प बसलो.

इंदूरचा व्हिडिओ आला त्या दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पैसे पाठवल्याचे पुरावे दिले. दुसऱ्या दिवशी वन खात्याच्या कचेरीत दोन्ही सापांची माहिती लेखी दिली, चॅटचे प्रिंट जोडले आणि पोच घेतली. उद्या त्या मुलाच्या फोनवरचा व्हिडिओही अर्जाला जोडायला जाणार आहे.