हवाई वाहतुकीची चाचणी आणि प्रशिक्षण: फास्ट-टाइम सिम्युलेशन की रिअल-टाइम?

नवी धावपट्टी, बदललेला आगमनमार्ग किंवा हवाई वाहतूक नियंत्रकाच्या पडद्यावरचे नवे साधन प्रवाशांनी भरलेल्या विमानांवर आजमावता येत नाही, म्हणून नियोजक, संशोधक आणि प्रशिक्षण संस्था सिम्युलेशनकडे वळतात. मात्र या एकाच नावाखाली दोन फार वेगळ्या गोष्टी येतात. फास्ट-टाइम सिम्युलेशनमध्ये विमानांची हालचाल आणि नियंत्रकाचे निर्णय दोन्ही संगणकातील नियमांनुसार ठरतात आणि दिवसभराची वाहतूक थोड्याच वेळात चालवून पाहता येते. रिअल-टाइममध्ये खरा नियंत्रक पडद्यासमोर बसतो, ‘स्यूडो पायलट’ त्याच्या सूचना ऐकून संगणकातील विमाने वळवतात, आणि तासाभराच्या वाहतुकीला तासच लागतो. किमतीची चौकशी करण्याआधी, आपला प्रश्न आकाशाच्या रचनेबद्दल आहे की ती रचना सांभाळणाऱ्या माणसाबद्दल, हे ठरवावे असे माझे ठाम मत आहे.

रचनेच्या प्रश्नाला फास्ट-टाइमइतके योग्य साधन नाही. टॅक्सीवे, म्हणजे धावपट्टीकडे जाण्यायेण्याचा जमिनीवरचा मार्ग, कुठे जोडावा, धावपट्टीची क्षमता कुठे अडते, उशीर कोणत्या तासापासून साचू लागतो, हे शोधण्यासाठी सिममॉड आणि टाम ही प्रणाली दीर्घकाळ वापरात आहेत. विमानांच्या वेळा थोड्याथोड्या मागेपुढे करून तोच दिवस शेकडो वेळा चालवता येतो, त्यामुळे एखादा निष्कर्ष योगायोगाचा आहे की टिकणारा, हे तपासता येते. विद्यार्थ्यांसाठी आणि छोट्या संशोधन गटांसाठी नेदरलँड्समधील डेल्फ्ट तंत्रज्ञान विद्यापीठाचे ब्लूस्काय हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर मी आधी सुचवेन. ते पायथॉनमध्ये लिहिलेले आहे, साध्या लॅपटॉपवर चालते आणि त्यातील प्रसंग वेळ व आज्ञा यांच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये लिहिता येतो. विमानांच्या कामगिरीची युरोकंट्रोल या युरोपीय हवाई वाहतूक संस्थेची ‘बाडा’ ही माहिती वापरायला परवाना लागतो, पण त्याच विद्यापीठातून आलेले ओपनएपी हे खुले प्रारूप ती अडचण बरीच दूर करते.

फास्ट-टाइमची मर्यादा मात्र मुळातच आहे. त्यातील नियंत्रक थकत नाही, चुकीचा रीडबॅक, म्हणजे वैमानिकाने परत म्हणून दाखवलेली सूचना, त्याच्या कानावरून निसटत नाही, आणि त्याचा कार्यभार म्हणजे प्रत्येक कामाला आपणच नेमून दिलेल्या सेकंदांची बेरीज असते.

माणूस हाच प्रश्नाचा गाभा असेल तेव्हा काय करावे लागते, हे ‘पॉइंट मर्ज’ या पद्धतीच्या जडणघडणीतून नीट कळते. उतरणाऱ्या विमानांची रांग लावताना नियंत्रक पूर्वापार एकेका विमानाला दिशा बदलण्याच्या अनेक सूचना देत आला आहे. पॉइंट मर्जमध्ये विमाने एका सामाईक बिंदूपासून जवळजवळ समान अंतरावर असलेल्या कमानींवरून उडतात, आणि पुढच्या विमानापासून पुरेसे अंतर पडले की नियंत्रक मागच्याला थेट त्या बिंदूकडे वळायला सांगतो. कमानींची लांबी आणि इंधनाचा हिशेब संगणक एकटा करू शकतो, पण वळवण्याची नेमकी वेळ नियंत्रकाला नजरेने साधते का, गर्दीत त्याचे बोलणे खरोखर कमी होते का, याचे उत्तर नियंत्रकच देऊ शकत होते. युरोकंट्रोलने फ्रान्समधील ब्रेतिन्यी येथील केंद्रात त्यांना घेऊन रिअल-टाइम चाचण्या केल्या, आणि पुढे 2011 मध्ये ऑस्लोत व 2012 मध्ये डब्लिनमध्ये ही पद्धत सुरू झाली.

या मार्गाची किंमतही मोठी असते. अनुभवी नियंत्रकांना ड्यूटीवरून मोकळे करावे लागते आणि फेऱ्या थोड्याच होतात, त्यामुळे त्यांवरून क्षमतेचे आकडे काढणे धोक्याचे आहे. शिवाय तीच वाहतूक दुसऱ्यांदा आली की नियंत्रक ती ओळखतो, म्हणून निदान विमानांची हाक-नावे तरी बदलावी लागतात.

मुंबईच्या आकाशाकडे पाहिले तर दोन्हींची गरज दिसते. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेला नवी मुंबई विमानतळ तिथून सरळ रेषेत 25 किलोमीटरच्या आसपास आहे. 250 नॉट वेगाचे विमान हे अंतर सुमारे 3 मिनिटांत कापते. अशा ठिकाणी आगमन-निर्गमन मार्गांचे डझनभर पर्याय आधी फास्ट-टाइमवर चाळून, उरलेले दोन-तीनच नियंत्रकांसमोर ठेवणे मला योग्य वाटते. उलट क्रमाने गेल्यास नियंत्रकांचा दुर्मीळ वेळ संगणकानेच बाद केले असते अशा पर्यायांवर खर्च होतो.

प्रशिक्षणासाठी मात्र निवडीला फारसा वाव नाही, कारण बोलणे, ऐकणे आणि आवाज स्थिर ठेवून प्राधान्य ठरवणे ही कौशल्ये रिअल-टाइममध्येच घडतात. रेडिओ बंद पडलेले विमान किंवा अचानक अडलेली धावपट्टी असे विरळ प्रसंग इथे हवे तेव्हा आणता येतात, मध्येच थांबवता येतात आणि पुन्हा दाखवता येतात. खरेदी करणाऱ्या संस्थेने एवढेच पाहावे की पडद्याच्या भव्यतेवर सारा निधी जाऊ नये. एकेका कौशल्याच्या सरावाला छोटे उपकरण पुरते, पण स्यूडो पायलट जर दर वेळी पहिल्याच हाकेला अचूक उत्तर देत असेल, तर प्रशिक्षणार्थी खऱ्या फ्रिक्वेन्सीवरील गोंधळाला तयार होत नाही. म्हणून स्यूडो पायलटांना अर्धवट ऐकू आलेली सूचना, चुकीचा रीडबॅक आणि एकमेकांवर आदळणारी बोलणी मुद्दाम शिकवावीत, आणि त्यासाठी लागणारी माणसे व तास अंदाजपत्रकात पहिल्याच वर्षापासून धरावेत.