इंकस्केपवर जुळवलेलं मामांच्या मागाचं कॉमिक

माझे मामा सोलापूरच्या पूर्व भागात चादरीचा यंत्रमाग चालवतात. धागा तुटला की माग थांबतो, मामा गाठ मारतात, माग पुन्हा खडखडायला लागतो. व्हिडिओत हे इतकं पटकन उरकतं की बघणाऱ्याला काही कळतच नाही. म्हणून मोबाइलवर फोटो काढून १६ पानांचं कॉमिक केलं, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरवर. ते फुकट आहे.

मला सगळ्यात आवडली ती फोटो कापायची सोय. हवी तेवढी चौकट फोटोवर काढायची आणि 'क्लिप' करायचं. मूळ फोटो तसाच राहतो, चौकट नंतर सरकवता येते. गाठीच्या फोटोत मागे पंखा, डबा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं आलं होतं. कापत कापत शेवटी अंगठा आणि तर्जनी एवढंच ठेवलं. नखाच्या कडेला अडकलेला लाल सुताचा तंतू तेव्हा कुठे दिसला. त्याच्या आधीच्या चौकटीत थांबलेला धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा), नंतरच्या चौकटीत धावणारा, मुद्दाम हललेला.

दुसरी गोष्ट मराठी अक्षरांची. आधी एका डीटीपीच्या दुकानात संवादांचे फुगे करून घेतले होते. 'दोन मिनिटं थांब' मधली पहिली वेलांटी 'म'च्या पलीकडे जाऊन बसली होती. मामांच्या तोंडी असं मोडकं मराठी मला चालणार नव्हतं. इंकस्केपमध्ये युनिकोडमध्ये टाइप केलं की वेलांटी, रफार, जोडाक्षरं जागच्या जागी राहतात. बोलण्यासाठी 'मुक्ता' आणि 'खट् खटाक्' साठी जाडजूड 'बलू' वापरला. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे हे दोन्ही फॉन्ट मोफत मिळतात.

एका फाइलीत अनेक पानं हवी असतील तर १.२ किंवा पुढची आवृत्ती घ्या. ही सोय २०२२ मध्ये आली. फोटो आत घेताना 'एम्बेड' निवडा, म्हणजे फोटो फाइलीतच राहतो; 'लिंक'मध्ये तो बाहेरच राहतो. मी 'लिंक' ठेवलं, पीडीएफ न करता मूळ फाइलच पेनड्राइव्हवर नेली, आणि छपाईवाल्याकडे फोटोंच्या जागी नुसत्या फुल्या उघडल्या. मोठे फोटो जसेच्या तसे टाकले तर लॅपटॉप रखडतो. ए५ पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १७४८ बाय २४८० पिक्सेल पुरतात, तेवढेच करून घ्या. मधे पिना मारायच्या असतील तर पानं चारच्या पटीत लागतात.

फोटो काढतानाच डोक्यावर मोकळी भिंत ठेवा, फुगा तिथेच बसतो. आधी बोलणारा माणूस डावीकडे हवा. मी हे सहाव्या पानावर शिकले आणि मामांना पुन्हा उभं केलं.

एक पान आधी नमुन्याला छापून घ्या. चादरीचा लाल स्क्रीनवर भडक होता, कागदावर विटकरी उतरला. खरी चादर शेजारी ठेवून रंग दोनदा बदलला, मगच बाकीची पानं छापायला दिली.