शिरूर कुठलं? बोलक्या हेल्पलाइनसाठी पोस्टग्रेस की निओफोरजे

लातुरात आम्ही दोघं मिळून शेतकऱ्यांसाठी फोनवर बोलणारी एक हेल्पलाइन चालवतो. माणूस मराठीत विचारतो, यंत्र मराठीत उत्तर देतं. आवाजाचा मजकूर कोणाकडून करून घ्यायचा हा वेगळा विषय. इथे प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ऐकलेल्या शब्दाचा अर्थ लावायला पिकं, किडी, गावं आणि त्यांची नाना नावं लागतात, ती ठेवायची कशात? पहिले सात-आठ महिने ती पोस्टग्रेस या ओळी-रकान्यांच्या डेटाबेसच्या टेबलांत होती, मग निओफोरजे या ग्राफ डेटाबेसमध्ये नेली, जिथे प्रत्येक गोष्ट एक ठिपका (नोड) असते आणि नातं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. तुम्हालाही न्यावीच लागतील असं मात्र नाही.

वेगासाठी ग्राफ घ्या असं कोणी सांगितलं तर ते आमच्यासारख्या कामापुरतं तरी कानाआड करा. फोनवर दोन सेकंद शांतता पडली की माणूस "हॅलो, हॅलो" सुरू करतो, त्यामुळे धास्ती आम्हालाही होती. पण वेळ खातं ते ऐकणं आणि बोलणं. काही हजार नोंदींत डेटाबेस कुठलाही असो, त्याचा उशीर आम्हाला कधी जाणवला नाही. स्टॉपवॉच लावलेलं नाही, कानाचा अंदाज आहे.

विभक्तीसाठीही ग्राफ लागत नाही. सुरुवातीला आम्ही मजकुरात सरळ "तूर" शोधत होतो. ती "लातूर"मध्ये सापडायची आणि "तुरीचा भाव"मध्ये सापडायची नाही, कारण तिथे उकार ऱ्हस्व होतो. म्हणजे लातूरचं नाव घेणारा प्रत्येक जण तूरवाला, आणि खरा तूरवाला बेपत्ता! कापूस-कापसाला, हरभरा-हरभऱ्यावर, सगळीकडे तीच गत. (हरभऱ्यातला "ऱ्य" दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि दोन्ही दिसतात सारखेच, त्यात आमचा एक रविवार गेला.) शेवटी मूळ शब्द आणि सामान्यरूप असं दोन रकान्यांचं टेबल केलं, चा-ला-वर तोडून टाकले, भागलं. वाणांचंही तसंच. शेतकरी बीडीएन-711 ला "सातशे अकरा" म्हणतो आणि जेएस-335 ला "तीनशे पस्तीस". टेबल पुरतं.

अडतं ते नात्यांत. शिरूर म्हटलं की आमच्याकडं तीन उभी राहतात. तालुक्याचं शिरूर अनंतपाळ, अहमदपूर तालुक्यातलं शिरूर ताजबंद आणि बीडकडचं शिरूर कासार. पुण्याकडचं आणखी वेगळं. स्क्रीन असती तर चार ओळी दाखवून मोकळे झालो असतो. फोनवर यादी वाचायला घेतली तर तिसऱ्या नावाला माणूस फोन ठेवतो. एकच प्रश्न विचारता येतो आणि तो नेमका लागतो. त्यासाठी ही गावं एकमेकांपासून कुठे फुटतात ते कळायला हवं: जिल्ह्यावर, तालुक्यावर, की याच माणसानं मागच्या खेपेला विचारलेल्या बाजारावर. हे आम्ही टेबलांतही केलं होतं, जॉइनवर जॉइन चढवून, म्हणजे टेबलाला टेबल जोडत. पण उस्मानाबादचं धाराशिव झालं, लोक दोन्ही म्हणतात; एका आजोबांनी अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हटलं. दर नव्या नात्याला क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) पुन्हा उसवायची आणि पुन्हा शिवायची. ग्राफमध्ये एक रेघ वाढते.

तरी एवढ्यावर मी हललो नसतो. माझा कल फिरवला तो अळीनं.

हेलिकोव्हर्पा ही एकच कीड हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि कापसावर हिरवी बोंडअळी म्हणून ओळखली जाते. गुलाबी बोंडअळी मात्र वेगळीच. आमच्या पोस्टग्रेसमध्ये "कशाचं कशाशी नातं" अशा जोड्यांचं एक टेबल होतं आणि त्यावर विथ रिकर्सिव्ह, म्हणजे एसक्यूएल या टेबलांच्या प्रश्नभाषेतली, एका जोडीवरून पुढच्या जोडीवर जात राहणारी क्वेरी. ही सोय तिथे 2009 पासूनची, म्हणजे मुरलेली. घाटेअळीवरून हिरवी अळी, हिरव्या अळीवरून पुन्हा घाटेअळी असा घाण्याचा बैल होऊ नये म्हणून चौदाव्या आवृत्तीत त्याचाही बंदोबस्त झाला. दोष हत्याराचा नव्हता. एका सकाळी औशाकडच्या एकानं विचारलं, "तुरीला अळी लागलीय, काय फवारू?" यंत्रानं त्याला गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे कसे लावायचे ते अदबीनं समजावलं. तो म्हणाला, "सायेब, आमच्यात कापूसच न्हाई."

तुरीवरून अळी, अळीवरून कापूस, कापसावरून गुलाबी बोंडअळी, तिथून सापळे. आज हे एका ओळीत लिहिलं, तेव्हा सापडायला दोन रात्री लागल्या. क्वेरी उत्तर देत होती, पण आलो कुठून ते सांगत नव्हती. ते हवं तर प्रत्येक टप्प्याला वाट अ‍ॅरेत भरत न्यावी लागते. ती आम्ही भरली नव्हती, आणि भरल्यावर हाती आले नुसते आयडींचे आकडे. मग 407 म्हणजे कोण, हे धुंडाळत बसा. निओफोरजेत वाटेला नाव दिलं की अख्खी वाटच परत मिळते आणि ब्राउझरमध्ये तिचं चित्र उमटतं. प्रत्येक रेघेला प्रकार असतो, दिशा असते. भागीदाराचे वडील चहा घेता घेता स्क्रीनकडे बघून म्हणाले, "अळीवरून माघारी कापसात कशाला गेलास?" त्यांना एसक्यूएल येत नाही, शेती येते. हीच शिस्त टेबलांतही पाळता येते, मान्य. माझ्याकडे ती रात्री अकरानंतर उरत नाही.

निओफोरजेचे जाच वेगळे. ते जावावर चालतं, मेमरी मागतं. आम्हाला सर्व्हर मोठा घ्यावा लागला. एसक्यूएल येणारा मुलगा लातुरात गल्लीत सापडतो, सायफर ही निओफोरजेची प्रश्नभाषा शिकवावी लागते. आणि एक चूक आमचीच: प्रत्येक फोन नोड करून पिकाला जोडत गेलो. सोयाबीनला इतक्या रेघा चिकटल्या की तिथून जाणारी क्वेरी रेंगाळायला लागली. फोनच्या नोंदी आणि रोजचे भाव निमूटपणे पोस्टग्रेसमध्ये परत नेले. उद्या अडकून पडू ही भीती थोडी कमी झालीय, कारण 2024 मध्ये आयएसओनं जीक्यूएल हे ग्राफ क्वेरीचं मानक काढलं आणि ते सायफरच्या बरंच जवळ आहे. पोस्टग्रेस सोडायचंच नसेल तर त्याला जोडायचं अपाचे एजीई आहे, त्यात सायफर एसक्यूएलच्या पोटात लिहायचं. आम्ही चार दिवस लिहून पाहिलं. ओळींपेक्षा वेष्टण जास्त वाटलं. तुम्हाला कदाचित चालेल.

नुसते भाव आणि हवामान सांगणार असाल तर पोस्टग्रेसवरून उठू नका. "अळी", "करपा", "पानं पिवळी पडली" असं लोक बोलायला लागले आणि यंत्रानं उलट प्रश्न विचारावा असं वाटायला लागलं, तर मी निओफोरजेकडेच बोट दाखवीन.

फक्त बॅकअपचं बघा. फुकटच्या आवृत्तीत डम्प (सगळ्या डेटाची प्रत) घ्यायला डेटाबेस थांबवावा लागतो. आम्ही रात्री अडीचची वेळ ठेवली होती, तेव्हा कोण फोन करतंय म्हणून. पण आमच्याकडं शेतीची लाइट रात्रीची असली की मोटर चालू करून माणूस बांधावर जागा बसलेला असतो, आणि त्याच्याकडे वेळच वेळ असतो. आता डम्प दुपारी एकला घेतो, लोक भाकरी खात असताना.